निववणीचा एकोणचाळिसावा दिवस

सकाळी नऊलाच अक्का पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि धाकटी सून सावध झाली. नणंद काही कारण नसताना माहेरी आली म्हणजे घरात काहीतरी ठरायचं असतं, आणि ठरायचं असलं की तिला दादाच बोलावून घेतो, हे या घरात आलेल्या दोन्ही सुनांना एव्हाना पाठ झालं होतं. दादा थोरला, अक्का मधली, बापू धाकटा. थोरला आणि मधली एकत्र आले की धाकट्याचं काही चालत नसे, आणि धाकट्याच्या बायकोचं तर मुळीच नाही.

"चहा टाकते, अक्का."

"टाक. पण मग बाहेरच बस आमच्यात. स्वयंपाकघरात लपून राहू नकोस." अक्काने तिच्याकडे नीट पाहिलं. "किती गं वाळलीस! काटा बघता बघता तूच काट्यासारखी झालीस."

धाकटी हसली. हसण्यावारी न्यायची सोय होती तोवर न्यायची, असं तिने ठरवलं होतं.

घरामागच्या शेडमध्ये भट्टी होती आणि भट्टीत, गेले एकोणचाळीस दिवस, काचेची एक तबकडी निवत होती. दोन्ही हात पसरले तरी कवेत येणार नाही एवढी रुंद, वीतभर जाड. एका मोठ्या वेधशाळेच्या दुर्बिणीचा आरसा तिच्यापासून घडणार होता. काच ओतणं हे तसं अर्ध्या दिवसाचं काम. खरं काम त्याच्या पुढचं. वरून घट्ट झाली तरी काच आतून धुमसत असते, अबोला धरलेल्या माणसासारखी. तिला भसकन गार होऊ दिलं, तर ती आपली आपणच फुटते. म्हणून भट्टीचं तोंड विटांनी बंद करून वरून माती लिंपायची आणि दिवसाला दहा अंश, त्याहून एकही जास्त नाही, अशी आच उतरवत न्यायची. याला घरात निववणी म्हणत. बावन्न दिवसांची निववणी. तेवढ्या दिवसांत आत काय चाललंय ते कोणालाही दिसत नाही. दिसतो तो फक्त बाहेरचा तापमानाचा काटा.

कारखान्यात एरवी बरण्या होत, प्रयोगशाळेच्या नळ्या होत, भिंगं होत. पोट त्यांच्यावर भरत होतं. पण अशी तबकडी करायची हे या घराचं तीन पिढ्यांचं वेड होतं. पहिली धाकटीच्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, वडिलांनी ओतली, ती सहाव्या दिवशीच गेली. दुसरी नऊ वर्षांपूर्वी आबांनी ओतली, ती बाविसाव्या दिवशी गेली, आणि ती बापूमुळे गेली असं घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी त्याच्याकडून धुराड्याची झडप बोटभर उघडी राहिली होती. आबा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "याने भट्टीच्या दारात पाऊल टाकायचं नाही." भट्टीची नस ओळखणारा घरातला तो एकटाच, तो तेव्हापासून पुढच्या खोलीत बसून बरण्या कागदात गुंडाळत होता.

ही तिसरी. आणि शेवटची. "ही फुटली तर भट्टी विझवायची," असं आबांनी ओतण्याच्या दिवशीच सांगून टाकलं होतं. आबांच्या डोळ्यांवर आयुष्यभराच्या झळांनी सारा येऊन दिसणं अंधुक झालेलं, दादा बाहेरच्या पत्रव्यवहारात, बापूला बंदी. राहिल्या दोघी जावा. दर दोन तासांनी काटा बघायचा, गॅसचा कॉक केसभर फिरवायचा, हे काम आळीपाळीने त्यांच्याकडे आलं. धाकटीला ते बापूने शिकवलं, रोज जेवणाच्या ताटावर, भाकरीच्या तुकड्यांनी भट्टीची भिंत मांडून. ही तबकडी अख्खी निघाली तर आबा बापूला पुन्हा भट्टीवर घेतील, या एका आशेवर ती ते शिकली. आणि फुटली तर? नवऱ्याने एक फोडली, बायकोने दुसरी. एवढंच जन्मभर ऐकायचं. बापूने मग मान वर केली असती असं तिला वाटत नव्हतं.

यात आणखी एक गोष्ट होती, आणि ती तिने कोणाला सांगितलेली नव्हती. सतराव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास, ती भट्टीजवळ स्टुलावर बसलेली असताना, आतून आवाज आला होता. एकदाच. टक्.

त्यानंतर बावीस दिवस तिच्या घशाखाली घास नीट उतरला नव्हता. बापूला सांगावं म्हणून ती दहादा तोंड उघडायची आणि भाजीत मीठ कमी आहे का, असं काहीतरी विचारून मोकळी व्हायची.

*

पुढच्या खोलीतल्या लांब टेबलाभोवती सगळे बसले. आबा खिडकीकडे पाठ करून, कारण उजेड त्यांना सोसत नसे. दादा त्यांच्या उजवीकडे, हातात एक पाकीट. बापू सगळ्यांत लांब, दाराशी, मांडीवर बरणी आणि कागद. तो बैठकीतही काम सोडत नसे. त्याने हात रिकामे ठेवले की लोक त्याच्याकडे बघतात, असं धाकटीला एकदा त्याने सांगितलं होतं.

"वेधशाळेचं पत्र आलंय," दादा म्हणाला. "त्यांना दुसऱ्या एका कारखान्याने तयार तबकडी देऊ केलीय. आपली नक्की मिळणार असेल तर ते थांबतील. नसेल तर उद्यापर्यंत कळवा म्हणतात. हो किंवा नाही."

"मग हो कळव," थोरली म्हणाली. ही दादाची बायको. पहाटे चारचा काटा नेहमी ती बघायची, आणि डोळ्यांखाली तिच्याही काळी वर्तुळं आली होती.

"कशाच्या भरवशावर? आत काय आहे हे तुला माहितीय?"

"काटा बरोबर उतरतोय."

"काटा मागच्या वेळीही बरोबर उतरत होता, बाविसाव्या दिवसापर्यंत." दाराशी कागदाचा आवाज थांबला. दादाने तिकडे पाहिलं नाही. "मी उद्या हो कळवलं, आणि तेरा दिवसांनी भट्टीतून ठिकऱ्या निघाल्या, तर आपली भिंगंसुद्धा कोणी घेणार नाही. तीनदा तोंडावर पडलेला कारखाना म्हणतील. आणि नाही कळवलं, आणि तबकडी अख्खी निघाली, तर ती काय अंगणात मांडून ठेवायची? मी म्हणतो, आज उघडून बघूया. सगळं नाही. चार विटा काढायच्या, बॅटरी मारायची, बंद करायचं."

"आत्ता आत दीडशे अंश आहेत," धाकटी म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटला. "बाहेर एवढी थंडी पडलीय."

"सुरुवातीला साडेपाचशे होते. त्यामानाने दीडशे म्हणजे काय?"

"काचेला तेवढे पुरतात, दादा."

"हे तुला कोणी सांगितलं?" असं दादाने विचारलं नाही, पण खोलीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं.

अक्काने चहाचा कप खाली ठेवला. "मला काचेतलं काही कळत नाही. मी इथून गेले तेव्हा बरण्याच होत होत्या, आणि सगळे सुखात होते. पण दादाचं मला पटतं. झुरत बसण्यापेक्षा एकदाचा सोक्षमोक्ष लागलेला बरा. आबांची तब्येत बघा. रात्र रात्र जागे असतात म्हणे."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, अक्का," थोरली म्हणाली.

"आणि उघडली तर?"

"उघडली तर ठिकऱ्यांची. मी काही उघडू द्यायची नाही. चाळीस दिवस पहाटे उठलेय मी. तुम्ही सगळे अंथरुणात असता तेव्हा." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्हीसुद्धा."

दादा चपापला. आपली बायको असं भर बैठकीत विरुद्ध बोलेल हे त्याच्या हिशेबात नव्हतं. धाकटीला एरवी याची गंमत वाटली असती. आज तिला थोरलीचा हात धरून रडावंसं वाटलं. एवढा विश्वास, आणि तोही अर्धंच माहीत असताना.

"आबा, तुम्ही बोला," अक्का म्हणाली.

या विषयावर एरवी आबांना थांबवावं लागे. 'काच घाई ओळखते' हे त्यांचं वाक्य कारखान्यातल्या मांजरालाही पाठ होतं. आज ते टेबलावर दोन्ही पंजे पालथे ठेवून नुसते बसले होते.

मग दादा धाकटीकडे वळला. आवाज मऊ करून. तो मऊ झाला की तिला जास्त भीती वाटे.

"हे बघ, तू दिवसातले दहा-बारा तास तिथे बसतेस. तुझ्याइतकं त्या भट्टीजवळ कोणी नाही. मला एकच सांग, खरं सांग. या एकोणचाळीस दिवसांत तू आतून काही आवाज ऐकलास?"

खोटं बोलणं किती सोपं होतं! नाही, एवढंच म्हणायचं. थोरली तिच्या बाजूने होती, आबा गप्प होते, नाही म्हटलं असतं तर तेरा दिवस सहज मिळाले असते. तिने नाही म्हणायला तोंड उघडलं. आणि समोर बापू दिसला. बरणी मांडीवर तशीच, नजर तिच्यावर. नऊ वर्षांपूर्वी याच टेबलावर आबांनी त्याला विचारलं होतं, झडप उघडी कोणाकडून राहिली, आणि त्याने एका क्षणात सांगितलं होतं, माझ्याकडून. ती तेव्हा नवी नवरी होती, दाराआडून ऐकत होती. तेव्हा तिला त्याचा राग आला होता. आता तिच्याने खोटं बोलवेना.

"ऐकला," ती म्हणाली. "सतराव्या दिवशी. दुपारी. टक् असा. एकदाच."

सगळे एकदम बोलू लागले.

"बावीस दिवस!" दादा उभाच राहिला. "बावीस दिवस तू ताकास तूर लागू दिली नाहीस?"

"माझ्यापासूनसुद्धा लपवलंस?" थोरलीचा आवाज दादापेक्षा हळू होता आणि म्हणून जास्त लागला. "रोज एकमेकींच्या हातात काटा देतोय आपण. मी विचारायचे, सगळं ठीक ना? तू म्हणायचीस, ठीक."

"वहिनी, मला वाटलं..."

"मला मूर्खासारखं बोलायला लावलंस आत्ता सगळ्यांसमोर." ती नवऱ्याकडे वळली. "उघडा. माझी हरकत नाही आता. ठिकऱ्यांची राखण करायला मला हौस नाही."

"उघडायचं नाही!"

ही धाकटीच ओरडली होती. आपण या घरात कधी ओरडलो नव्हतो, हे तिला ओरडून झाल्यावर लक्षात आलं. तिने टेबलाची कड धरली.

"आवाज कशाचाही असेल. विटेचा, लोखंडी चौकटीचा, किंवा तबकडीचा. मला माहीत नाही. मी बावीस दिवस दुसरा विचार केलेला नाही. पण दादा, ती फुटली असेल, तर तेरा दिवसांनीही फुटलेलीच असेल. आज बघून ती सांधणार नाही. आणि ती अख्खी असेल, तर आज उघडून आपणच तिला फोडू. उघडण्यात आपला कसलाच फायदा नाही. फक्त आपली भीती जाईल, बाकी काही नाही."

"भीती जाणं हे काय थोडं झालं?" दादा म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकाएकी इतका थकलेला दिसला की तिला त्याची कीव आली. "तुला काय वाटतं, मी झोपतो? मी उद्या कोणत्या तोंडाने पत्र लिहू?"

"हिचं म्हणणं चूक नाहीये रे," अक्का हळूच म्हणाली. सकाळपासून दादाच्या बाजूने असलेली अक्का. "फुटलेलं कुठे पळून जातंय?"

"तू नको सांगूस आता! तूच म्हणालीस सोक्षमोक्ष लावा म्हणून!"

आणि तो निघालाच. अंगण ओलांडून तरातरा शेडकडे गेला, शेडचा दरवाजा ढकलून दोन्ही दारं सताड उघडली, आणि भिंतीला टेकवलेली पहार उचलली. मागून सगळे धावले. धाकटी पहिली. ती भट्टीच्या तोंडापुढे जाऊन उभी राहिली, पाठीला लिंपणाची ऊब लागेपर्यंत मागे सरकली.

"बाजूला हो."

"नाही होणार."

"मी तुला हात लावणार नाही हे तुला माहितीय, म्हणून उभी आहेस. अगं, तुझ्या वहिनीला सांगून तुला ओढायला लावू नकोस."

थोरली एक पाऊल पुढे आली. थांबली. तिलाही हे नको होतं, पण मघाचं अजून गिळवत नव्हतं.

तेवढ्यात आबा आले. अक्काच्या खांद्याला धरून, अंगणातल्या पायरीला ठेचकाळत. त्यांनी हाताने चाचपत पहार शोधली, दादाच्या मुठीवर स्वतःची मूठ ठेवली.

"ठेव खाली."

"आबा, आवाज आलाय आतून. आता कसला संयम सांगता?"

"मागच्या वेळीही आला होता."

"काय?"

"आवाज." आबांचा श्वास चढला होता. "बाविसाव्या दिवशी. असाच. टक् म्हणून. मी एकटाच होतो इथे. एकवीस दिवस तुम्हा सगळ्यांना थांबा थांबा सांगत होतो, आणि तो आवाज आला आणि माझ्याच्याने अर्धा तास थांबवलं नाही. तेव्हा भिंतीला बघायचं भोक होतं, त्याचा मातीचा बूच काढला. बॅटरी लावली. अख्खी होती."

दादाची पहारीवरची मूठ सैल झाली.

"अख्खी होती रे. कडेपासून कडेपर्यंत. मला इतका आनंद झाला, की बूच परत लावायचं सोडून मी बघतच बसलो. गार वारा भोकातून आत ओढला जातोय हे मला कळत होतं. हाताला लागत होता. तरी बसलो. अजून एकदा बघू, अजून एकदा. आणि माझ्या डोळ्यांदेखत कडेवरून एक रेघ निघाली आणि आरपार गेली. नंतर बघितलं तर मागच्या भिंतीतली एक वीट चिरली होती. आवाज तिचा होता."

"पण झडप..." अक्का म्हणाली.

"झडप उघडी होती बोटभर. तेही खरंच. मी विचारलं, हा म्हणाला माझ्याकडून राहिली. मला वाटलं, आज याच्यावर जाऊ दे, उद्या सांगू. मग उद्याही सांगवलं नाही. मग नऊ वर्षं झाली."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. बापू शेडच्या उंबऱ्याबाहेर उभा होता. एवढा गोंधळ झाला, बायकोवर पहार उगारायची वेळ आली, तरी नऊ वर्षांच्या सवयीने त्याचे पाय उंबऱ्याशी थांबले होते. त्याच्या हातात अजून बरणी होती.

"बोटभर झडपेने काच फुटत नाही," तो म्हणाला. कोणालाच उद्देशून नाही. "मी दर रात्री गणित करायचो. नाही फुटत. मग वाटायचं, माझं गणितच चुकत असेल. मला यातलं काही कळतच नसेल."

त्याने बरणी जमिनीवर ठेवली आणि तो आत आला. सरळ दादाकडे. दादाच्या हातून त्याने पहार घेतली, आणि दादाने ती दिली. धाकटीने नवऱ्याला इतकी वर्षं जवळून पाहिलं होतं, पण असा चेहरा पाहिला नव्हता. पांढरा, आणि त्यावर काहीच नाही. तिला वाटलं, हा आता घाव घालणार. भट्टीवर, नाहीतर आबांवर. आबांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली आणि ते जागचे हलले नाहीत.

"अहो," ती म्हणाली.

बापू तिच्याजवळ येऊन उभा राहिला. तिच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत राहिला.

"दहाचा काटा कोणी पाहिला?"

थोरलीने धाकटीकडे पाहिलं, धाकटीने थोरलीकडे.

"वाजले किती?"

"पावणेबारा," अक्का म्हणाली.

"एकशे सेहेचाळीस दाखवतोय. दीडशेला हवा होता." त्याने पहार आडवी जमिनीवर ठेवली, आवाज होऊ न देता. "तुम्ही सगळे मघापासून भांडताय आणि शेडची दारं सताड उघडी आहेत. लावा ती. आधी दारं लावा!"

दादाच धावला. दारं लावली, कडी घातली, वर गोणपाट लावला. धाकटीने कॉककडे हात नेला, तर बापूने तिचं मनगट धरलं.

"वर चढवायचं नाही. खाली आलंय ते आलंय. आता इथेच धरायचं, उद्या सकाळपर्यंत. मग पुढे." त्याने कॉक स्वतःच फिरवला, इतका थोडा की फिरल्याचं दिसलंही नाही. मग स्टूल ओढून काट्यासमोर बसला. दोन्ही हात त्याने गुडघ्यांमध्ये दाबून धरले.

"चार अंशांनी काही झालं असेल का?" दादाने विचारलं.

"माहीत नाही."

"मग मी उद्या काय कळवू?"

"तेरा दिवसांनी सांगतो म्हणून कळव."

"ते थांबले नाहीत तर?"

"तर नाही थांबले."

आबा अजून तिथेच उभे होते. त्यांनी आवाजाच्या दिशेने तोंड केलं. "बापू, काहीतरी बोल मला. शिव्या दे."

बापूने काट्यावरची नजर काढली नाही. "त्यांना कोणीतरी घरात घेऊन जा," तो म्हणाला.

*

पुढचे दिवस कसे गेले ते धाकटीला नंतर सलग कधी आठवलं नाही. वेधशाळेला पत्र गेलं, उत्तर आलं नाही. अक्का दोन दिवसांसाठी आली होती, ती राहिलीच. स्वयंपाक तिने अंगावर घेतला आणि प्रत्येक भाजीत पाणी जास्त घातलं, कोणी तक्रार केली नाही. थोरलीने दोन दिवस धाकटीशी अबोला धरला. तिसऱ्या पहाटे ती शेडमध्ये आली, जवळ बसली आणि म्हणाली, "पुन्हा आवाज आला तर मला सांगायचं. एकटीने घाबरायचं नाही." धाकटीने मान हलवली. दोघी मग बराच वेळ काट्याकडे बघत बसल्या.

भीती मात्र कमी झाली नाही. उलट ती आता सगळ्यांची झाली. आत विटेची वाळू झरली तरी चार माणसं दचकायची. ते चार अंश धाकटीच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. आपण खरं बोललो नसतो तर दादा उठला नसता, दारं उघडी राहिली नसती, काटा उतरला नसता. खरं बोलून आपणच ती फोडली की काय, हा विचार तिने बापूला मात्र लगेच सांगितला. लपवण्याचं धाडस आता तिच्यात उरलं नव्हतं.

"असेलही," तो म्हणाला. "पण झडपेचं खरं मला कळलं ते बरं झालं."

आबांशी तो एक शब्दही बोलला नाही. आबा रोज सकाळी शेडबाहेर खुर्ची टाकून बसत, आत येत नसत. उंबऱ्याच्या त्या बाजूला आता ते होते.

बावन्नाव्या दिवशी काटा बाहेरच्या हवेइतका उतरला. बापूने आणखी एक दिवस थांबायला लावलं. दादाने ओठ चावले, पण हूं की चूं केलं नाही.

त्रेपन्नाव्या दिवशी सकाळी लिंपण फोडलं. बापू एकेक वीट काढायचा, दादा ती घेऊन रचायचा. विटा गार होत्या. आतला गाडा रुळांवर होता, तो दोघा भावांनी साखळी लावून बाहेर ओढला. धाकटीने डोळे गच्च मिटून घेतले. थोरलीची बोटं तिच्या दंडात रुतली होती. तिने कान देऊन वाट पाहिली, कोणीतरी ओरडेल म्हणून, रडेल म्हणून.

मग बापूची पावलं ऐकू आली, दाराकडे जाणारी. तिने डोळे उघडले. तो आबांना घेऊन येत होता, मनगटाला धरून, न बोलता. आबांच्या पांढुरक्या डोळ्यांना समोर फक्त एक हिरवट ढग दिसत असणार.

"काय आहे?" आबा म्हणाले. "सांगा ना कोणीतरी. गेली का?"

बापूने त्यांचा हात तबकडीच्या कडेवर ठेवला.

आबांची बोटं आधी आखडली. मग हळूहळू सरकू लागली, कडेकडेने, आणि त्यांच्याबरोबर आबा गाड्याभोवती पाऊल पाऊल चालू लागले. अर्ध्यावर त्यांचं बोट अडलं.

"इथे काय आहे? इथे रेघ आहे."

"साच्याचा ओरखडा," बापू म्हणाला. चौदा दिवसांत तो आबांशी पहिल्यांदाच बोलत होता. "घासला की जाईल. पुढे चला."

आबा पुढे निघाले, आता घाईघाईने, बोटं कडेवर अडखळत. बापूने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

"सावकाश, आबा. कुठे पळून जात नाहीये ती."

फेरी पूर्ण होऊन आबांचा हात निघाल्या जागी परत आला. त्या ओरखड्याशिवाय वाटेत कुठेच रेघ लागली नव्हती. तरी त्यांनी हात उचलला नाही. ते दुसऱ्या फेरीला निघाले, आणि बापू त्यांच्या बरोबर चालू लागला.